हलतोय, हलतोय!

गाडीच्या इंजिनात जे शेकडो सुटे भाग असतात, त्यांची नावं मालकाला कळू नयेत अशीच मुळात योजना आहे. नाव कळलं की समजावं, खर्च आला. क्लच प्लेट, हेड गॅस्केट, अल्टरनेटर, वॉटर पंप या मंडळींची आणि माझी ओळख कुठल्या पुस्तकातून झालेली नाही. ती सगळी मला बिलावर भेटली. त्यात अलीकडे भर पडली ती एक्झॉस्टच्या स्टडची. जाडी आठ मिलिमीटर, लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, किंमत इतकी किरकोळ की एकच मागितला तर दुकानदार आपल्याकडे वरून खाली बघतो. नवा स्टड बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. जुना काढायला किती वेळ लागेल, हे आधी छातीठोकपणे सांगणारा मिस्त्री अजून जन्माला यायचाय.

इंजिनाच्या हेडमधून प्रत्येक सिलिंडरचा जळका धूर वेगवेगळ्या तोंडाने बाहेर येतो. तो एकत्र करून सायलेन्सरच्या नळीत सोडायला ओतीव लोखंडाचा एक वेडावाकडा, बहुतोंडी तुकडा असतो, तो मॅनिफोल्ड. हा मॅनिफोल्ड हेडला आवळून धरतात ते स्टड. दोन्ही टोकांना आटे पाडलेली पोलादी कांडी. एक टोक हेडमध्ये रोवलेलं, दुसरं बाहेर, आणि बाहेरच्या टोकावर नट. इथे साधा बोल्ट का लावत नाहीत, तर हेड ॲल्युमिनियमचं. बोल्ट दरवेळी काढून घातला की ॲल्युमिनियमचे मऊ आटे झिजणार. म्हणून स्टड एकदाच आत बसवायचा आणि पुढची सगळी काढघाल नटाच्या माथी मारायची, असा हा शहाणा बेत. ॲम्बॅसॅडरच्या जमान्यात ब्लॉकही लोखंडी, हेडही लोखंडी. जे काही गंजायचं ते घरच्या घरात गंजायचं. पुढे ॲल्युमिनियमची हेडं सर्रास आली, इंजिनं हलकी झाली आणि मिस्त्री लोकांचे शब्द जड झाले.

कारण दोन निराळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली की तिथे एक चिमुकली बॅटरीच सुरू होते. तिच्यात ॲल्युमिनियम स्वतःला खाऊन घेतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. पोलादाच्या बाजूने तांबूस गंज येतो, आणि या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. जागा काही वाढवून मिळत नाही, त्यामुळे आहे त्या खोलीत भाडेकरू तेवढे वाढतात. ओल कुठून येते विचाराल तर कोल्हापुरात जूनपासून पुढे हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण पाऊस नसला तरी सोय आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं आणि वाफ होऊन धुरातून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी जे थेंब टपकतात, ते हेच. पंपावर आपण पेट्रोलचे पैसे देतो आणि वाटभर पाणी सांडत जातो.

त्यातून उष्णता. मॅनिफोल्डमधून जाणारा धूर जोरात चालवल्यावर सहाशे-आठशे अंशांचा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. हेड वितळत नाही याचं श्रेय आत खेळणाऱ्या पाण्याला. ते हेडला शंभराच्या आसपास धरून ठेवतं. म्हणजे एकमेकांना आवळून बांधलेल्या दोन वस्तू, एक तापून लाल व्हायच्या बेतात आणि दुसरी चहाच्या पाण्याइतकी गरम. चाळीस सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड तापला की दोनेक मिलिमीटर लांब होतो. शेजारचं हेड त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही. ही ओढाताण मधल्या स्टडना फारशी कळत नाही. ती सगळी पडते दोन टोकांच्या स्टडवर. रोज सकाळी ताणलं जायचं, रोज रात्री सैल व्हायचं, आणि वर्षानुवर्षं हे करून एके दिवशी मुकाट्याने तुटायचं. मधले म्हणतात, आम्हाला कधी काही त्रास झाला नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे आकृती काढून समजवावं लागत नाही.

स्टड तुटतो तेव्हा आवाज होत नाही. आवाज होतो नंतर. टोकाची पकड गेली की मॅनिफोल्ड तिथे केसभर उचलला जातो आणि त्या फटीतून प्रत्येक स्फोटाचा धूर निसटताना टक, टक, टक, टक असं वाजतं. गंमत अशी, की इंजिन गार असतानाच हे वाजतं. गाडी पाच-सात किलोमीटर चालली, लोखंड फुगलं, की फट आपोआप मिटते आणि आवाज बंद. त्यामुळे मालक गॅरेजपर्यंत जातो आणि तोंडघशी पडतो.

“आवाज कुटं हाय, साहेब?”

“सकाळी होता हो.”

“मग सकाळचा आवाज सकाळीच दावायचा. रातभर गाडी हितंच ऱ्हाऊ द्या.”

आमचं गॅरेज उद्यमनगरच्या कडेला आहे. ज्यांना शिवाजी उद्यमनगर ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की तिथल्या गल्ल्यांतून चालताना एका कानात लेथ आणि दुसऱ्या कानात ग्राइंडर वाजत असतो. कोल्हापूरच्या ओतशाळांनी आणि ऑइल इंजिनांनी या भागाला जे वळण लावलं, ते असं की इथे वस्तू मोडली म्हणून कुणी हळहळत नाही. “कुटं मोडलीय बघू,” एवढंच म्हणतात. अशा ठिकाणी बॉनेट उघडून उभं राहिलं की माणसं जमतात. मदतीला जमतात असं मी म्हणणार नाही. मत द्यायला जमतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज हजर होता. मिस्त्रीने टॉर्च मारून गॅस्केटच्या टोकाशी काजळीचा एक काळा फराटा दाखवला. धूर जिथून निसटतो तिथे तो सही करून जातो. मॅनिफोल्डवरचा पत्रा उतरला, मॅनिफोल्ड उतरला आणि परिस्थिती उजेडात आली. टोकाचा स्टड हेडच्या पृष्ठभागाबरोबर तुटलेला, धरायला शेंडासुद्धा नाही. त्याच्या शेजारचा जागेवर होता, पण नट काढताना त्याचे आटे नटाबरोबरच आले होते.

“ह्यो शेजारचा यील,” मिस्त्री म्हणाला. “पर ह्यो टोकाचा लई बेनं हाय.”

हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका पुढे आले. ते रोज सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि गॅरेजात पोचतात. “डिझेल टाका,” ते म्हणाले. “आम्ही धरणाच्या दरवाज्यांचे बोल्ट डिझेलवर सोडवलेत.” मिस्त्रीचं मत रॉकेलचं होतं, पण रॉकेल आता मिळतं कुठे? शेजारच्या गॅरेजवाल्याने ब्रेक ऑइल सुचवलं. पुण्याहून फोनवर असलेल्या माझ्या मेहुण्याने या सगळ्यांना अडाणी ठरवून स्प्रेचा डबा आणायला सांगितला. तो प्रसिद्ध निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०. अमेरिकेत सॅन डिएगोला १९५३ साली हे रसायन तयार झालं ते ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला, म्हणजे मुळात गंज लागू नये म्हणून. चाळिसाव्या खटपटीला जमलं, म्हणून नावात चाळीस. हे मी मेहुण्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “दाजी, तुम्ही स्प्रे मारा, इतिहास नको.”

खरं सांगायचं तर यातलं कुठलंही तेल चालतं आणि कुठलंही चालत नाही. गंजलेल्या आट्यांत तेल शिरतं ते जोराने नव्हे, केशाकर्षणाने. त्याला पातळपणा लागतो आणि वेळ लागतो. पातळपणा विकत मिळतो. वेळ मात्र गाडीमालकाकडे कधीच नसतो. मिस्त्रीने सगळ्यांचा मान राखला. काकांचं डिझेल टाकलं, मेहुण्याचा स्प्रे मारला, हातोडीने स्टडच्या डोक्यावर बारीक बारीक टकटक केली, म्हणजे गंजाला तडे जाऊन तेलाला वाट मिळते, आणि म्हणाला, “आता मुरू द्या.”

“किती वेळ?”

“लोणच्याला इचारता का कदी?”

मुरल्यावर जे सुरू झालं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे. गंजलेला स्टड सुटायला लागतो तेव्हा हाताला जे जाणवतं आणि गंजलेला स्टड तुटायला लागतो तेव्हा हाताला जे जाणवतं, ते एकच असतं. आधी दगडी विरोध. मग विरोध किंचित नरमतो. मग पाना नखभर सरकतो. आणि मग पाना धरलेल्या माणसाच्या तोंडून, त्याची जात, धर्म, शिक्षण काहीही असो, एकच उद्गार निघतो: “हलतोय, हलतोय!”

हलतोय हे खरंच असतं. काय हलतंय, हा प्रश्न असतो. पोलाद तुटण्याआधी पिळवटतं. बाहेरचं टोक फिरतं आणि आतलं टोक जागचं हलत नाही. पाना सोडल्यावर तो थोडा परत आला तर समजावं, नुसता पीळ बसला होता, उतरला. परत आला नाही तर एक तर स्टड सुटला आहे किंवा त्याचं मरण सुरू झालं आहे. या दोन निदानांमध्ये अंतर असतं पाव फेऱ्याचं, आणि तो पाव फेरा मारण्याचा मोह जगातल्या कुठल्याही पुरुषाला आवरलेला मी पाहिलेला नाही. बायकांचं मला माहीत नाही. त्या बॉनेटभोवती जमत नाहीत. घरी जातात आणि संध्याकाळी विचारतात, “झालं का तुमचं?”

मिस्त्रीकडे यावर उपाय होता खडूचा. स्टडच्या अगदी बुडाशी, जिथे तो हेडमध्ये शिरतो तिथे, स्टडवरून हेडवर जाईल अशी एक पांढरी रेघ त्याने ओढली आणि आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून आलेल्या पोराला टॉर्च घेऊन तिथे बसवला. पान्याकडे बघायचं नाही, रेघेकडे बघायचं, हा हुकूम. रेघ दुभंगली तर स्टड सुटतोय. पाना फिरतोय आणि रेघ अखंड आहे तर ताबडतोब ओरडायचं. सगळं गॅरेज पान्याकडे डोळे लावून “हलतोय, हलतोय” करत होतं आणि पोरगा खाली मान घालून एकटाच सांगत होता, “न्हाई हलत, मिस्त्री. थांबा.” त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं, मिस्त्री सोडून. आपल्याकडे रेघेकडे बघणाऱ्यांचं जे होतं तेच.

दुसरी खूण कानाची. कर्र असा कोरडा, दात शिवशिवतील असा आवाज आला तर शुभ. आटे आट्यांवर घासताहेत. बिनआवाजाचं, गुळगुळीत फिरायला लागलं की पाना सोडून लांब उभं राहायचं.

अशा नाजूक वेळी पैलवान आले. ते जवळच्या तालमीतले, ऐन उमेदीत खासबाग मैदानात कुस्त्या मारलेले, आता दुधाचा धंदा. स्वभावाने अतिशय गरीब. कुणाचंही अडलेलं दिसलं की त्यांचे दंड शिवशिवतात. “म्या लावू का वाईच जोर?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कोपऱ्यातला दोन फुटी पाइप उचलला.

पान्याला पाइप चढवणं हे आपल्या गॅरेज-संस्कृतीतलं ब्रह्मास्त्र आहे. पण बारा-तेराचा पाना वीतभरच का असतो, याचा कुणी विचार करत नाही. कारखान्याने लोखंड वाचवलेलं नसतं. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या ८.८ प्रतीच्या पोलादाला साधारण ३३ न्यूटन-मीटरचा पीळ सोसतो, त्यापुढे भरवसा नाही. आणि आपला स्टड तर भाजलेला, गंजलेला. वीतभर पान्यावर हा पीळ द्यायला वीस किलोचा जोर लागतो. तो लावताना माणसाला आपण जोर लावतोय हे कळतं. लांबी फूटभर केली की अकरा किलोत भागतं. दोन फूट केली की साडेपाच. साडेपाच किलोचा जोर म्हणजे पैलवानांच्या हिशेबी जोर नव्हेच. ते तेवढ्यात पेपरचं पान उलटतात.

मिस्त्रीने पाइप त्यांच्या हातातून काढून घेतला नाही. पैलवानांच्या हातातून काही काढून घ्यायचं नसतं. “पैलवान,” तो म्हणाला, “त्यो पाइप ऱ्हाऊ दे. ह्ये धरा. ह्येला थिर हात लागतोय.” आणि त्याने त्यांच्या हातात मेणबत्ती दिली.

ही चेष्टा नव्हती. मेणाची युक्ती जुनी आहे. स्टडभोवतीचं हेड गॅसच्या ज्योतीने तापवायचं, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक किंचित मोठं होतं. मग ज्योत बाजूला करून गरम सांध्याला मेणबत्ती टेकवायची. मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं आणि तेलासारखं लगेच जळून उडून जात नाही. ज्योत किती वेळ धरायची हे मात्र बघावं लागतं. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियमला तो शिष्टाचार नाही. ते आहे त्या रंगात असतं आणि अचानक खाली ओघळतं. म्हणून ज्योत मिस्त्रीकडे, मेण पैलवानांकडे. सहा फुटांचा तो गडी इंजिनावर वाकून, श्वास रोखून, लोडशेडिंगच्या दिवसांतली उरलेली अर्धी मेणबत्ती आठ मिलिमीटरच्या वर्तुळाभोवती फिरवत होता. मेणाचा एक थेंब बाहेर सांडला तर तोंडाने च्यक् करत होता.

शेजारचा स्टड आला. त्याच्या खराब आट्यांवरून मिस्त्रीने आधी डाय फिरवून घेतली, मग दोन नट एकावर एक चढवून एकमेकांवर घट्ट आवळले आणि आतल्या नटाला पाना लावला. दोन नटांच्या भांडणात स्टड सापडला की त्याला फिरावंच लागतं. पाव फेरा उलटा, लगेच अर्धा पाव सुलटा, थेंबभर डिझेल, पुन्हा उलटा. सरळ रेटत न्यायचा नाही. पोरगा ओरडला, “रेघ फुटली!” आणि कर्र झालं. सगळ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू भोक मुळात त्यांनीच पाडलं होतं.

टोकाचा स्टड मात्र आपल्या जागी बसून हा सगळा सोहळा बघत होता. त्याला पाना लागत नाही, नट लागत नाही, पक्कड लागत नाही. इथे पोराने बॅगेतून डाव्या फिरकीचं ड्रिल काढलं. उलटं फिरून भोक पाडतं. पाडता पाडता पात्याने स्टड पकडला तर तो आपोआप सुटून बाहेर येतो. कल्पना सुंदर आहे. अडचण मध्यबिंदूची. स्टड तुटतो तो सपाट तुटत नाही, तिरका तुटतो. त्यावर ड्रिल टेकवलं की ते उतारावरून घसरतं आणि पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियमकडे धाव घेतं. म्हणून आधी ते तोंड घासून सपाट करायचं, सेंटर पंचाने बरोबर मधोमध खड्डा करायचा, आणि हे सगळं करायचं इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे हात जातो पण डोकं जात नाही, किंवा डोकं जातं पण मग हात जात नाही. पोराने आरसा लावून, जिभेचं टोक बाहेर काढून मधोमध भोक पाडलं. मला वाटतं त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम तेच होतं, आणि त्याच्यासाठी एकाही माणसाने मान डोलावली नाही. कारण स्टड काही आला नाही.

“आता इझी-आउट लावा,” मेहुणा फोनवरून म्हणाला.

मिस्त्री आत गेला आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. फोनवरच्या माणसाला डबा दिसत नाही, म्हणून त्याने तो खुळखुळ वाजवून दाखवला. आत तुटके इझी-आउट होते, तुटके टॅप होते, ड्रिलची निळी पडलेली टोकं होती. इझी-आउट म्हणजे उलट्या पिळाची निमुळती खुंटी. भोकात ठोकून उलटी फिरवायची, ती रुतत जाते आणि स्टडला घेऊन बाहेर येते. गंज बेताचा असेल तर येतेही. पण ती कडक पोलादाची, म्हणून ठिसूळ. आणि ती भोकात रुतते म्हणजे स्टडला आतून फुगवते, आधीच आवळलेल्याला आणखी आवळते. जास्त पिळलं की ती पिळवटत बसत नाही, टाचकन मोडते. मग भोकात असा तुकडा बसतो की ज्याला साधं ड्रिल ओरखडासुद्धा काढू शकत नाही. मिस्त्री एकेक तुकडा चिमटीत उचलून ओळख करून देत होता. “ह्यो गडहिंग्लजची जीप. ह्यो एका डाक्टरची गाडी, त्येनं सोताच केलता. ह्यो माझा.”

शेवटच्या तुकड्यावर त्याने फार वेळ घालवला नाही.

इझी-आउट मोडला तरी जग बुडत नाही. उद्यमनगरात स्पार्क इरोजनची यंत्रं आहेत. तेलात बुडवलेल्या धातूवर विजेच्या ठिणग्या पाडून तो कण-कण उडवायचा, कितीही कडक असला तरी. १९४३ साली सोव्हिएत देशात लाझारेंको नावाच्या दांपत्याने ही पद्धत काढली. विजेच्या ठिणग्यांनी वस्तू का झिजतात याचा ते अभ्यास करत होते. ठिणग्या काही थांबवता येईनात, तेव्हा त्यांनी त्यांनाच कामाला लावलं. नवरा-बायकोच्या सहकार्यातून ठिणग्यांचा असा विधायक उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. पण त्यासाठी अख्खं हेड उतरवून यंत्रावर न्यावं लागतं, आणि हेड उतरवलं की हेड गॅस्केट आलं, टायमिंग बेल्ट आला, एकाचे चार झाले. मिस्त्री मला म्हणाला, “हेड खाली घ्यायचं का?” तेव्हा मी इतक्या जोरात “नको” म्हणालो, की शेजारच्या गॅरेजातली हातोडी थांबली.

मग वेल्डर आला. बॅटरीची वायर सोडली, नाहीतर वेल्डिंगचा करंट गाडीच्या मेंदूत शिरतो. स्टडच्या तोंडावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोकळीतून आत रॉड धरून नट आणि स्टड एकमेकांना वेल्ड केले. मला भीती हेडची होती. वेल्डर काचेआडून हसला. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही. इकडे-तिकडे थेंब उडाले तरी ते नखाने निघतात. या पद्धतीची खरी मेख मात्र नटात नाही, धगीत आहे. वेल्ड होताना स्टड आतून लालबुंद होतो, फुगतो, मग निवताना आक्रसतो, आणि या ओढाताणीत आट्यांतला गंज चुरा होतो. सुरुवातीचे नट नुसतेच तुटून हातात आले. दरवेळी काका “जातंय आता हेड” म्हणायचे आणि दरवेळी वेल्डर न बोलता नवा नट मागायचा. त्याची बिडी कानावर होती आणि ती तो काम झाल्याशिवाय पेटवणार नाही हे दिसत होतं.

एक नट धरला. लाली उतरू दिली. पैलवानांना इशारा झाला, मेणबत्ती पुढे आली, मेणाचा धूर निघाला. मिस्त्रीने वीतभर पाना लावला, दोन बोटांनी आणि अंगठ्याने. आधी आवळायच्या दिशेने किंचित, मग सोडायच्या दिशेने किंचित. कुणीही “हलतोय” म्हणालं नाही. मला वाटतं एवढा वेळ तो शब्द खोटा पडल्यामुळे सगळे त्याला घाबरले होते.

कर्र.

तो आला, वेटोळ्या-वेटोळ्याने. एका बाजूला आट्यांत पांढरी भुकटी, दुसऱ्या बाजूला तपकिरी, वर जळक्या डिझेलचा आणि मेणाचा वास. हेडमधले आटे शाबूत होते. टॅप फिरवून साफ केल्यावर नवा स्टड हाताने आत गेला. आटे गेले असते तर मोठं भोक पाडून हेलिकॉइलची स्टीलची वळणं बसवावी लागली असती. तेही वाईट नसतं, ती मूळच्या ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत बसतात. पण माझी आणखी एका भागाशी ओळख वाढायची राहिली ती राहिलीच, आणि मला त्याची खंत नाही.

यानंतर श्रेयाचा प्रश्न निघाला. काका म्हणाले, रात्रभर डिझेल मुरलं म्हणून आला. पैलवानांनी मेणबत्तीचं उरलेलं बोटभर टोक सगळ्यांना दाखवलं आणि बाकी काही बोलले नाहीत. मेहुण्याने आपण सुरुवातीपासून उष्णतेबद्दल बोलत होतो असा दावा केला. स्प्रेबद्दल तो बोलत होता, याची त्याला कुणी आठवण करून दिली नाही. पुण्याचा पाहुणा आहे. आयटीआयच्या पोराचं म्हणणं पडलं की मधोमध भोक पाडल्यामुळे स्टड आतून पोकळ झाला आणि म्हणून आक्रसायला त्याला जागा मिळाली. माझ्या मते सगळ्यांत बरोबर तोच होता. वेल्डर बिडी पेटवून निघून गेला होता.

“मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं? कशानं आला?”

“कुणाला ठावं,” मिस्त्री नव्या स्टडला तांबूस पेस्ट लावत म्हणाला. ही तांब्याची पेस्ट आटे पुन्हा जखडू नयेत म्हणून असते, आणि नटही त्यासाठीच तांब्याचा मुलामा दिलेले घेतात. पोराने टॉर्क रेंच वीस न्यूटन-मीटरवर लावून नट आवळले. मिस्त्रीने त्यावरून आपला पाना एकदा नुसता टेकवून पाहिला आणि मान डोलावली. इंजिन सुरू केलं. गार इंजिन, सकाळसारखंच, आणि टकटक नाही.

मिस्त्रीने हात पुसले, बॉनेटखाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाला, “ऱ्हायलेले चार बी त्याच वयाचे हैत, साहेब. मॅनिफोल्ड परत उतरवून काढायचे का आत्ताच? समदी हैत हितं.”

काकांना बँकेत जायचं होतं. पैलवानांच्या म्हशींची धारेची वेळ झाली होती. फोनवर मेहुण्याला अचानक माझा आवाज येईनासा झाला. मिस्त्री माझ्याकडे बघत होता.

मी बॉनेट पाडलं.